रात्री दहाचं ऊन

मोटरहोम म्हटलं की डोळ्यांपुढे जाहिरातीतलं चित्र येतं. समुद्रकाठी एकटीच उभी गाडी, दार सताड उघडं आणि पायरीवर कॉफीचा मग घेऊन बसलेली प्रसन्न बाई. त्या बाईने सकाळी उठून संडासाची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, रिकामी केली आहे, सांडपाण्याची टाकी सोडली आहे, प्यायचं पाणी भरलं आहे आणि गाडीचं नाक वाऱ्याकडे ठेवायचं की समुद्राकडे यावरून नवऱ्याशी वाद घातला आहे, हे चित्रात दिसत नाही. मी ती बाई होऊन आले. वादात वाऱ्याची बाजू माझी होती. अटलांटिकच्या काठावर गाडीची कूस वाऱ्याला दिली, तर तीन मीटर उंचीचं ते प्रकरण रात्रभर डुलत राहतं आणि छतावरची खिडकी तडतडते. ह्यांना मात्र झोपून समुद्र दिसायला हवा होता. रात्री एक वाजता, स्वेटरवर रेनकोट चढवून त्यांनी स्वतःच गाडी वळवली.

नणंदेचा मुलगा गॅलवेला नोकरीला आहे. "मामी, बसने फिरलात तर फक्त पार्किंग बघाल," असं तोच म्हणाला, गाडीही त्यानेच ठरवली, आणि हा भाचा आमच्याबरोबर आलाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने, उत्तरेच्या इनिशोवेन द्वीपकल्पापासून दक्षिणेच्या किन्सेलपर्यंत, सुमारे 2500 किलोमीटरचा एक रस्ता आहे. वाइल्ड अटलांटिक वे असं त्याचं नाव. नवा रस्ता बांधलेला नाही. जुनेच लहानमोठे रस्ते जोडून, त्यांवर लाटेची खूण असलेल्या पाट्या लावून 2014 साली पर्यटन खात्याने तो जाहीर केला. नऊ काउंट्यांतून, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांतून, जातो. आम्ही अख्खा केला नाही, करायचाही नव्हता. मेयोपासून खाली कॉर्कपर्यंत, जमेल तसा.

गाडी चालवायला आपल्यासारखंच डावीकडून, त्यामुळे ह्यांना सुरुवातीला फार हुरूप आला. तो पहिल्या गावठी रस्त्यापर्यंत टिकला. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यांवर काटेरी झुडपं, मधोमध गवताची पट्टी, आणि समोरून ट्रॅक्टर. दोघांतल्या एकाला मागे जावंच लागतं, आणि सात मीटर लांबीची गाडी मागे नेणं म्हणजे आरशातून दिसतं त्यावर विश्वास ठेवणं. माझं काम खिडकीतून डोकं काढून ओरडायचं. ट्रॅक्टरवाले कधी कावले नाहीत. स्टिअरिंगवरचं एक बोट वर उचलायचं, झाला नमस्कार. दोन-चार दिवसांत ह्यांचंही बोट आपोआप उठायला लागलं.

गाडीत राहायचं तर रात्री कुठे थांबायचं हा रोजचाच प्रश्न. "कुठेही थांबा" हे स्वातंत्र्य जाहिरातीपुरतं आहे. बऱ्याच किनाऱ्यांवरच्या पार्किंगला दोन मीटर उंचीवर लोखंडी आडवी दांडी असते, मोटरहोम आत जाऊच नये म्हणून. मला आधी राग आला. मग एका सुंदर खाडीजवळच्या गवतात कुणीतरी ओतून दिलेली कॅसेट पाहिली आणि त्या दांडीवरचा राग गेला. म्हणून आम्ही कॅम्पसाइटवर थांबायचो, नाहीतर शेतकऱ्याला विचारून त्याच्या आवारात. एकाने विचारलं, कुठून आलात? आम्ही मुंबईच्या खालच्या किनाऱ्यावरून असं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आमच्या लिओच्या वडिलांकडचे!" लिओ वराडकर दोनदा त्यांचे पंतप्रधान झाले आणि त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे त्याला ठाऊक होतं. त्यांच्या पक्षाला त्याने कधी मत दिलं नव्हतं, हेही त्याने लगेच सांगून टाकलं. जागेचे पैसे मात्र घेतले नाहीत.

मेयोतल्या अकिल बेटावर आम्ही ठरल्यापेक्षा जास्त राहिलो. बेट म्हणायचं, पण पुलावरून गाडी थेट आत जाते. कील गावाजवळ लांबच लांब पुळण, पाठीला स्लीव्हमोर डोंगर. पर्टीन म्हणून छोटंसं बंदर आहे. 1975 पर्यंत इथे बास्किंग शार्कची शिकार चालायची, यकृताच्या तेलासाठी. आता धक्क्यावर हौशी लोक गळ टाकून उभे असतात. गळाला बांगडे लागत होते. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. अंगाने सडपातळ, पाठीवर काळ्या-निळ्या नागमोडी रेषा, आणि तेल भरपूर. मी जरा जास्तच वेळ टक लावून बघितलं असणार, कारण एका म्हाताऱ्याने बादलीतले चार काढून पिशवीत घालून दिले. डब्यात मसाला होता, तिरफळं होती, चिंचेऐवजी कोकम होतं. दोन शेगड्यांच्या त्या स्वयंपाकघरात मी तिखलं केलं. फोडणी बसताक्षणी धुराचा अलार्म किंचाळायला लागला, भाचा टॉवेलने वारा घालत बसला, आणि पुढे कितीतरी दिवस पडद्यांना तो वास होता. मासा अप्रतिम झाला. तेल सुटल्यामुळे रस्सा दाट, आणि काटे आपल्या बांगड्यापेक्षा मऊ.

जेवून बाहेर आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते आणि ऊन होतं. जूनमधला तिथला सूर्य दहा वाजून गेल्यावर बुडतो आणि बुडण्याआधी तासभर जमिनीला घासून चालतो. दुपारी मी स्लीव्हमोरचा उतार पाहिला होता: हिरवा, गुळगुळीत, निळ्या रंगाचे ठिपके मारलेल्या मेंढ्या. आता त्याच उतारावर रेघा उमटल्या होत्या. एकाला एक समांतर, वरपासून खालपर्यंत, अगदी चढाच्या टोकापर्यंत गेलेल्या. मी ह्यांना म्हटलं, "अहो, हे सरी-वरंबे आहेत!" शेती घरात असल्यावर ते सांगावं लागत नाही. माणसाने फावड्याने ओढलेले वरंबे आणि मधली सरी. दुपारच्या सपाट उजेडात दिसत नाहीत. आडव्या उन्हात प्रत्येक वरंब्याची सावली पडते आणि अख्खा डोंगर वाचता येतो.

ते बटाट्याचे वाफे होते. जमीन दगडाळ आणि पाणथळ, म्हणून खाली समुद्रातलं शेवाळ पाठीवरून आणून पसरायचं, त्यावर बियाणं, आणि दोन्ही बाजूंची माती गवतासकट उलटून वर टाकायची. पाणी सरीतून निघून जातं, बटाटा वर कोरडा राहतो. चांगली जमीन जमीनदाराकडे. कुळांनी डोंगराच्या छाताडापर्यंत असे वाफे नेले, कारण तेवढ्याशा तुकड्यावर कुटुंब जगवणारं दुसरं पीक नव्हतं. 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला. पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा पडला. दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि तापाने गेली, तितकीच जहाजांत बसून देश सोडून गेली, आणि त्याच काळात आयर्लंडमधून धान्य आणि गुरं इंग्लंडला जात होती. मेयो काउंटीत 1841 साली 3 लाख 89 हजार माणसं होती. 2022 च्या जनगणनेत ती 1 लाख 38 हजार भरली. पावणेदोनशेहून जास्त वर्षांत जगाची लोकसंख्या कुठल्या कुठे गेली. इथे निम्म्याहूनही कमी झाली.

त्या डोंगराच्या पायथ्याला ओसाड गाव आहे. ऐंशी-शंभर घरांच्या नुसत्या भिंती, एका ओळीत, मैलभर. दुसऱ्या दिवशी आत शिरलो. एकेक खोली आपल्या पडवीएवढी. भिंतीत दगडाची कडी होती, खालच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर. गाय बांधायची. म्हणजे एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गाय, आणि मध्ये मोरी. कडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर दगड गुळगुळीत लागतो, दाव्याने झिजलेला. गाव एकदम ओस पडलं नाही. पुढे बरीच वर्षं उन्हाळ्यात गुरं घेऊन लोक इथे येत राहिले, मग तेही थांबलं. आमच्या देवगडकडे वाडीतली निम्मी घरं वर्षभर कुलपात असतात, पण गणपतीला कुलपं निघतात, चाकरमानी येतात, पडवीत माणूस मावत नाही. मी तिथे उभी राहून नकळत कुलूप शोधत होते. छप्परच नव्हतं.

अकिलहून मुख्य भूमीवर येताना एक सुरेख सायकलमार्ग लागतो. वेस्टपोर्टपर्यंत चाळीसेक किलोमीटर, जुन्या रेल्वेच्या वाटेवरून. सगळीकडे त्याचे फोटो असतात. भाच्याने त्या रेल्वेची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडला बटाटे काढायला जाणारी अकिलची तरुण मुलं-मुली 1894 साली बोटीतून वेस्टपोर्टला निघाली, होडी उलटली, 32 जण बुडाले. तेव्हा रेल्वे नुकतीच पुरी होत होती आणि पहिली गाडी बेटाकडे धावली ती त्यांचे मृतदेह घेऊन. 1937 साली स्कॉटलंडमध्येच किर्किन्टिलॉकला झोपडीला आग लागून अकिलची दहा मुलं गेली. रेल्वे बंद होता होता शेवटच्या खेपांपैकी एकीने तीही तशीच परत आली. सायकल भाड्याने देणारा मुलगा आम्हाला हेल्मेटचा पट्टा कसा आवळायचा ते समजावत होता. ह्यांनी सायकल घेतली नाही. मी घेतली, आणि मजेत चालवली, हेही खरं.

दक्षिणेकडे जाताना डूलॉकच्या दरीतून रस्ता जातो. काळं पाणी, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, एक घर नाही. सगळे तिथे थांबून फोटो काढतात आणि "किती शांत!" म्हणतात. रस्त्याकडेला दगडी क्रॉस आहे. मार्च 1849 च्या अखेरीला लुइसबर्ग गावात शेकडो उपाशी माणसं जमली होती, सरकारी मदत चालू ठेवायची की नाही याची तपासणी व्हायची होती. तपासणारे साहेब पुढे डेल्फीच्या शिकारबंगल्यावर निघून गेले होते. उद्या सकाळी तिथे हजर व्हा, नाहीतर मदत बंद, असा निरोप. अनवाणी, थंडीवाऱ्यात माणसं याच वाटेने एकोणीसेक किलोमीटर चालली. तिथून त्यांना हात हलवत परत पाठवलं. परतीच्या वाटेवर त्यांतली कित्येक मरून पडली. त्या क्रॉसवर आपल्या गांधीजींचं वाक्य कोरलं आहे: आपल्यासारख्याच माणसांचा अपमान करण्यात माणसांना मोठेपणा तरी कसा वाटतो, अशा अर्थाचं. इतक्या लांब, इतक्या ओसाड जागी ते नाव वाचायला मिळेल असं ध्यानीमनी नव्हतं. ह्यांनी चप्पल काढली आणि पावसात तसेच उभे राहिले.

तेव्हापासून "निसर्गरम्य" हा शब्द माझ्या तोंडून निघेना. कोनेमारा या पश्चिमेकडच्या भागातल्या ज्या मोकळ्या माळांसाठी लोक विमानाने येतात, त्यांतले कितीतरी असे मोकळे केले गेले आहेत. हे पर्यटनाच्या माहितीपत्रकात एका परिच्छेदात असतं. डोंगरावर ते मैलोन्‌मैल असतं, फक्त संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. बसवाल्यांना पाच वाजता परतायचं असतं. मोटरहोमच्या सगळ्या कटकटी मी या एका गोष्टीसाठी माफ केल्या.

क्लिफ्डनजवळच्या डेरीगिमला दलदलीत फळ्यांच्या वाटेवरून चाललो. इथे मार्कोनीचं अटलांटिकपारचं वायरलेस केंद्र होतं, 1907 पासून, आणि 15 जून 1919 रोजी अल्कॉक आणि ब्राउन यांचं विमान न थांबता अटलांटिक ओलांडून याच दलदलीत नाकावर आपटलं. वरून त्यांना ती हिरवळ वाटली होती. मोहेरच्या कड्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. 214 मीटर उंच आहेत, भव्य आहेत, आणि सेल्फीवाल्यांची रांग कड्यापेक्षा लांब होती. किलिमरला फेरीत गाडी घातली, वीसेक मिनिटांत शॅनन नदीचं मुख ओलांडून केरीत उतरलो.

डिंगलला जायला कॉनर पास म्हणून घाट आहे. दोन टनांवरच्या गाड्यांना बंदी, आणि आमची साडेतीन टनांची. ह्यांचा चेहरा पडला; आंबोली घाट एसटीमागून चढलेल्या माणसाला बंदी म्हणजे अपमानच. वळसा घालून गेलो. स्ली हेडचा रस्ता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करायचा असा मोठ्या गाड्यांसाठी शिरस्ता आहे, नाहीतर कड्याच्या वळणावर दोन बस समोरासमोर येतात आणि तासभर कुणीच हलत नाही. समोर समुद्रात ब्लास्केट बेटं. 1953 च्या नोव्हेंबरात सरकारने थोरल्या बेटावरच्या शेवटच्या 22 माणसांना इकडे आणलं. बेटावर डॉक्टर नाही, दिवसेंदिवस होडी लागायची नाही, तरुण सगळे अमेरिकेत, आणि तिथेही बरेचसे एकाच शहरात, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला. डून क्विनच्या धक्क्याशी गाडी उभी केली होती. दुर्बिणीतून बेटावर भिंती दिसत होत्या. आणि नऊ वाजल्यानंतर, अपेक्षेप्रमाणे, त्यांच्या वरच्या उतारावर रेघा.

व्हॅलेन्शिया बेटावर ह्यांचा दिवस होता. आयुष्य टेलिफोन खात्यात गेलेलं. 1858 साली पहिली अटलांटिक केबल इथून टाकली. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला 16 तास लागले, आणि तीन आठवड्यांत केबल मेली. 1866 साली ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजाने टाकलेली मात्र टिकली. "तेच जहाज 1870 ला मुंबईत आलं होतं," हे म्हणाले, "मुंबई-एडन केबल टाकायला." मग दाबाची गणितं, गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं वेष्टण, तांब्याच्या तारा. मी आणि भाच्याने गाडीत पाणी भरून घेतलं, टाकी सोडली, कांदा चिरला, यांचं चालूच. मला मात्र दुसरंच सुचत होतं. अमेरिकेला गेलेल्या मुलाची खबर गावात यायला आठवडे लागायचे, आणि त्याच गावाच्या वेशीवरून शेअरबाजाराचे भाव मिनिटांत पलीकडे जात होते.

वेस्ट कॉर्कमध्ये कुंपणांना फ्यूशियाची लाल फुलं लटकलेली असतात आणि ती गाडीच्या दोन्ही अंगांना घासतात. शीप्स हेड द्वीपकल्पावर अहाकिस्टा म्हणून गाव आहे. हा थांबा ठरवून होता. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं कनिष्क विमान माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला निघालं होतं. या किनाऱ्यापलीकडे, समुद्रावर, त्यात बाँब फुटला. 329 माणसं गेली, बहुतेक भारतीय वंशाचे कॅनडाचे नागरिक, सुट्टीला आजोळी निघालेली कितीतरी मुलं. आयरिश नौदलाची आणि मालवाहू जहाजं धावली. 131 देह मिळाले, कॉर्कच्या रुग्णालयात आणले. नातेवाईक आले तेव्हा गावोगावच्या लोकांनी त्यांना घरी ठेवून घेतलं, ओळख ना पाळख.

पाण्याच्या काठावर छोटी बाग आहे, मध्ये दगडाचं सूर्यघड्याळ, आणि भिंतीवर सगळी नावं. 1986 साली पहिल्या वर्षश्राद्धाला तिचं अनावरण झालं. आम्ही गेलो तेव्हा 23 जूनला अजून थोडे दिवस होते. एक बाई गुडघ्यांवर बसून वाफ्यातलं तण काढत होती. तिला वाटलं आम्ही कुटुंबातले. नाही म्हटल्यावरही तिने हातमोजे काढून प्रत्येकाशी हात मिळवला. ती म्हणाली, तेव्हा मी शाळेत होते. आई रोज चहा आणि सँडविच करून कॉर्कला पाठवायची, आम्ही पाव कापायचो. दर वर्षी कोण येतं, कोण आता येऊ शकत नाही, कुणाची नातवंडं यायला लागली, सगळं तिला पाठ होतं. मी भिंतीवरची नावं वाचत गेले. एकाच आडनावाची चार-चार, पाच-पाच. भाचा दोन वर्षांचा असताना त्याचे आई-वडील त्याला घेऊन असंच एअर इंडियाने कॅनडाला गेले होते; तो बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिला. बाईने विचारलं, "तुम्ही कुठल्या गावचे?" मी देवगड सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि बऱ्यापैकी नीट म्हटलं. मग मीही तिच्याबरोबर खाली बसले. तण म्हणजे तण, ते ओळखायला भाषा लागत नाही.

रस्ता अधिकृतपणे किन्सेलला संपतो. आम्ही तिथे गेलो नाही. गल्ल्या अरुंद, पार्किंग मिळेना, आणि गाडी परत करायची वेळ जवळ आली होती. शेवटच्या सकाळी टाकी सोडली, कॅसेट धुतली, फरशी पुसली, पडदे वाऱ्यावर ठेवले. गाडी ताब्यात घेणारा मुलगा आत शिरला, नाक उडवलं आणि म्हणाला, "मासे?" ओरखड्यांचे पैसे त्याने कापले नाहीत; फ्यूशियाचे सगळ्यांच्याच गाड्यांवर असतात म्हणाला. वासाचं बघू असंही म्हणाला. ह्यांनी त्याला विचारलं, पुढच्या वेळी दोन टनांखालची मिळेल का?